ठाकूरद्वारची धूळ, लालबागची कोळंबी

दादरच्या आमच्या अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात लोक अंगावर गांधी घेऊन येतात आणि जाताना आम्हाला किस्सा देऊन जातात. गांधी दोन दिवसांत उतरतात, किस्से साठत जातात. एकोणीस वर्षं मी इथे पेशंटच्या हातावर टेस्टच्या सुया टोचतेय. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, फार हुशार. पण पेशंट त्यांच्याहून हुशार!

*

टेस्टच्या आधी पाच दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवायची असते, नाहीतर हातावर काही उठतच नाही. हे मी फोनवर सांगते, मेसेज करते, मेसेज वाचला का म्हणून पुन्हा फोन करते. तरी माटुंग्याच्या एका बाईंना पंधरा सुया टोचल्या आणि हात कोरा करकरीत!

"गोळी घेतलीत?"

"आज सकाळीच. डॉक्टरकडे यायचं तर असं लालभडक अंग घेऊन कसं यायचं? बरं दिसतं का?"

कामवाली यायच्या आधी घर झाडून ठेवणाऱ्यांतल्या ह्या!

*

लालबागचे परबकाका पोस्टातून रिटायर झालेले. कोळंबी खाल्ली की त्यांचा गळा आतून सुजतो. पहिल्यांदा झालं तेव्हा ओठ निळे पडले होते. मॅडमनी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं, काकूंना ते मांडीत टोचायला शिकवलं.

"कोळंबी आता आयुष्यात नाही. चुकून पोटात गेली तर हे टोचायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर जीव जाईल!"

पुढच्या भेटीत मी विचारलं, "काका, इंजेक्शन कुठाय?"

"देव्हाऱ्यात. एकदम सेफ!"

"आणि घराबाहेर काही झालं तर?"

"देव काय फक्त घरातच असतो काय?"

काकूंनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून ते इंजेक्शन काकांच्या खिशात असतं.

*

ठाकूरद्वारचे एक आजोबा, निवृत्त हेडक्लार्क. धुळीच्या टेस्टची बाटली त्यांनी उजेडात धरून तपासली.

"ही धूळ कुठली?"

"कंपनीकडून येते, आजोबा."

"मग तिचा न् माझा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी पेढ्यांच्या दोन डब्यांत घरची धूळ घेऊन हजर! वर सुवाच्य अक्षरात लेबलं: 'माळा' आणि 'पलंगाखाली'. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी 'माळा' उघडला. आधी ते शिंकले, मग मी, मग बाहेर बसलेले सगळे.

"बघा!" नाक पुसत आजोबा म्हणाले. "याला म्हणतात टेस्ट!"

*

परळच्या एका मावशींचे सांधे सुजायचे. मॅडमनी समजावलं, "मावशी, तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच अंगावर उठलीय. तिला जरा दाबायला हवं." गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी सूज जशीच्या तशी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बिल्डिंगच्या ग्रुपवर आलेला प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा रोज दोन पेले चालू!

"तुम्ही कमी करताय ना? मग मी घरी वाढवते. बॅलन्स राहतो!"

मॅडम ग्लासभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

*

मे महिन्यात परबकाका आणि काकू आले. काकूंचे डोळे रडून सुजलेले. काकांनी घरी ताटभर कोळंबी खाल्ली होती. काकूंनी मांडीत इंजेक्शन टोचलं, टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलात दोन दिवस काढले.

"चुकून खाल्लीत ना?" मॅडमनी विचारलं.

"चुकून कशाला? इंजेक्शनची एक्सपायरी आली होती. फुकट कित्याक घालवायचं?"

मला हसू आलं नाही. मॅडमचा आवाज एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच चढला. "काका, तुम्ही गेला असतात! या बाईने काय करायचं होतं मग?"

काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी मॅडमनी हात जोडले. "निदान नवीन इंजेक्शन तरी घ्या."

"घेतलंय ना!" काकांनी खिशातून काढून दाखवलं. "केमिस्ट पुढच्या वर्षीच्या एक्सपायरीचं देत होता. मी म्हटलं, नको रे, गटारीच्या आसपासचं बघ!"