आवतण दिलेलं झाड

पन्नाशी ओलांडल्यावर मी विद्यापीठात गूढविद्या शिकायला नाव घातलं, तेव्हा गडचांदूरच्या आमच्या गल्लीत दोन तट पडले. निम्म्यांना वाटलं, मास्तरांना बाहेरचं लागलं. उरलेल्यांना वाटलं, आता मास्तर बाहेरचं काढतील. एक शेजारीण तर लिंबू घेऊनच आली. एम.ए.ला मंत्र-तंत्र, शकुन असल्या विषयांचा एक पेपर असतो, तो फक्त अभ्यासायचा असतो, करायचा नसतो, हे मी तिला पाऊण तास समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि लिंबू ठेवून गेली. बायकोनं त्याचं सरबत केलं.

"मंत्र शिकूनच राह्यले तर आधी ह्या मिक्सरवर मारा एखादा," ती म्हणाली. "चार दिवस झाले, नुसतं घरघर करते, फिरत नाई. तुमच्यावानी."

पेपराबरोबर एक प्रबंधही लिहायचा होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणजे सातवीत मीच शिकवलेली मुलगी. वर्गात बोलते म्हणून मी तिला बाकावर उभं केलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती. माझी पानं चाळून ती म्हणाली, "सर, हे सगळं पुस्तकातलं आहे. एक तरी विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर सहा महिने गल्लीला काय तोंड दाखवू?

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी एटापल्लीकडच्या एका जंगलगावात काढली होती. तिथले एक दादा मुळ्या-पाल्याचं औषध देतात. मी त्यांना गाठलं. त्यांच्या बाईंचा गुडघा धरला होता आणि त्यासाठी ते मुळी काढणारच होते. पण मुळी म्हणजे काही भाजी नव्हे, गेलो आणि उपटून आणली. शनिवारी संध्याकाळी झाडाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवून त्याला आवतण द्यायचं, उद्या न्यायला येतो म्हणून सांगायचं. रविवारी उजाडता उजाडता जायचं, लोखंड न लावता लाकडी खुंट्यानं मुळी काढायची आणि घरी येऊन बांधेपर्यंत कोणी अवाक्षर बोलायचं नाही. कोणी बोललंच, तर परत फिरायचं आणि पुढच्या शनिवारी नव्यानं आवतण.

म्हणजे बघा, जगातले एवढे विधी सोडून माझ्या वाट्याला हा आला.

पहिल्या रविवारी मी बरंच अंतर गप्प होतो. मग विचारलं, "दादा, खुंटा लाकडाचाच काऊन?" दादा थांबले, वळले आणि घरी निघाले. दुसऱ्या रविवारी रानकोंबडा आडवा गेला आणि माझ्या तोंडून "अरे वा" निघालं.

"माया गुडघा तुया तोंडात अडकून राह्यला, मास्तर," दादांच्या बाई अंगणातून म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण उठताना भिंतीला हात लावूनच उठल्या.

तिसऱ्या रविवारी बायको सोबत आली. दुसऱ्याच दिवशी सहीची मुदत संपत होती. ती अंगणात बाईंजवळ थांबली. निघताना तिनं माझ्या तोंडात एक खारीक कोंबली. "हे चघळा. थुकाल तर मी एटापल्लीलेच राहीन, सांगून ठेवतो."

मी चघळत निघालो. दादा पुढे, मी मागे. रानकोंबडा दिसला, गप्प. पायात काटा गेला, गप्प. ओढा आला. पलीकडे ते झाड दिसत होतं, बुडाशी पिवळे तांदूळ. आणि शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सटकला. खारीक एकीकडे, मी एकीकडे. पण बोललो नाही! पडताना माणूस 'अगं आई' म्हणतो, तेसुद्धा मी गिळलं.

बोलले ते दादा.

"अरे मास्तर! लागलं काय?"

मी पाण्यात बसलेला, ते हात पुढे करून वाकलेले.

"जाऊ दे," ते म्हणाले, "चाल, काढू मुळी. तू लिहून टाक का कोणी बोललं नाई. तुयं काम होऊ दे. तिच्यासाठी पाहू पुढच्या रविवारी दुसरं झाड."

माझा त्या मुळीवर विश्वास आहे का? तोंडी परीक्षेत हे विचारलं, तर मी अर्धा तास बोलेन आणि उत्तर देणार नाही. पण दादांचा होता, आणि अंगणात पाय लांब करून बसलेल्या बाईंचाही होता. माझ्या एका सहीसाठी दादा ते झाड फुकट घालवायला निघाले होते.

"नाई दादा," मी म्हणालो, "पुढच्या रविवारीच."

ते झाडाजवळ गेले, आपल्या भाषेत काही पुटपुटले. परत येऊन म्हणाले, "समजावलं त्याले. पाहुणा पडला म्हनलं."

सोमवारी मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. ती खूप हसली. "म्हणजे बोललं दुसरंच कोणी आणि शिक्षा तुम्हाला. सर, माझंही तसंच झालं होतं. त्या दिवशी बोलली होती माझ्या शेजारची." सही मात्र केली नाही. ती सहा महिन्यांनी, पुढच्या परीक्षेच्या वेळी मिळाली.

पण ठरल्याप्रमाणे पुढच्याच रविवारी मी दादांकडे पुन्हा गेलो. वही घरीच ठेवली. बायको सोबत होती, खारीकही होती, पण ती खिशातच राहिली. ओढा ओलांडताना दादांनी न बोलता माझं मनगट धरलं. मुळी निघाली, आम्ही परतलो, दादांनी ती दोऱ्यानं बाईंच्या गुडघ्याला बांधली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल आता, मास्तर."

मी तोंड उघडलं. काही सुचेचना. आलापल्लीला बस बदलेपर्यंत सुचलं नाही.

बायकोनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अवो, कोणतं झाड होतं ते? घरामागं लावून ठेवू."