दसऱ्याच्या पाटावरची एअर रायफल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. दादाचा डावा डोळा माझ्यामुळे गेला, बायकोमुळे नाही.

भिलाईच्या क्वार्टरमागे रिकाम्या डब्यांवर नेम धरायला मी सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफल घेतली होती. भरताना माझा नियम कडक. नळी वाळूच्या पोत्याकडे, सेफ्टी लावलेली, मॅगझीन बाहेर काढूनच भरायचं. छर्ऱ्याचं डोकं पुढे, घेर मागे. आणि मॅगझीन काढलं तरी एक छर्रा नळीत राहू शकतो, म्हणून ठेवण्याआधी पोत्यात बार काढायचाच. हे मीच सगळ्यांना शिकवायचो.

त्या दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडली होती: वडिलांचे प्लांटमधले नट कसायचे पाने, कोयता आणि माझी रायफल. जवळच्याच सुपेल्याहून दादा आपट्याची पानं घेऊन आला.

"भरून दाखव ना बे, नुसती पूजा काय करतं?"

हौसेनं मी तिथेच बसलो. छर्रे भरले, मॅगझीन बसवलं, बोल्ट ओढला. छर्रा नळीत गेला. तेवढ्यात बायको आतून ओरडली, "आटपा हो, मुहूर्त चालला!" घाईत मी मॅगझीन काढून पाटावर ठेवलं. सेफ्टी लावली नाही. पोतं मागच्या अंगणात होतं. तिथवर गेलोच नाही.

"झाली खाली," म्हणालो.

"बंदूक मांडली, आता माकडाईले बोलावलं का पूजेले?" दादा समोर बसत म्हणाला. बायको बाहेर आली आणि हसत हसत कुंकू लावायला रायफल उचलू लागली. फट् असा बारीकसा आवाज झाला.

दवाखान्यात पट्टी बांधलेला दादाच तिला समजावत होता, "रडू नको बाई. चुकून लागला तुहा हात."

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मॅगझीन तर काढलं होतं ना हो?"

मी म्हणालो, "घोड्यावर बोट कावून ठेवलं तू?"

पुन्हा तिनं विचारलं नाही. रायफल मी मोडीत काढली. आता दसऱ्याला ती पाटाजवळ येत नाही, स्वयंपाकघरातच राहते. दादा जेवायला आला की न चुकता त्याच्या उजव्या बाजूनं वाढते, आणि मी मान खाली घालून जेवतो.

डोळा परत देणं माझ्या हातात नाही. पण दोघांना समोर बसवून 'नळीत छर्रा मी ठेवला होता' हे सांगणं, एवढं तिचं देणं माझ्यावर आहे. ते अजून फेडलेलं नाही.