कायद्यात बसणारा उखाणा

खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांत कुठंही हळदीकुंकू असलं की उखाण्यासाठी बेबीताईंना खास बोलावणं असे. नवऱ्याचं नाव त्यांनी इतक्या बायकांसमोर घेतलेलं, की गणपतरावांना कधी न पाहिलेल्या बायकाही त्यांना ओळखत.

चीनची लढाई थांबून फार दिवस झाले नव्हते. कारखान्यात पाळ्या वाढलेल्या, आणि भारत रक्षा कायदा तर गणपतरावांच्या ताटाशेजारी पाट मांडून बसलेला. यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू शरयूवहिनींकडे, म्हणजे कारखान्याच्या सुरक्षा ऑफिसातल्या भय्यासाहेबांच्या घरी, हे कळल्यावर गणपतरावांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी बायकोला बजावलं, कारखान्यात काय बनते ते सांगायचं नाही, माझी पाळी सांगायची नाही. नोकरी तर जाईलच, वरून जेल.

"मग बोलू काय मी?"

"चिन्याले शिव्या दे न. त्याले कोण अडवून राहिलं?"

एवढी मोकळीक मिळाल्यावर बेबीताईंनी पोळ्या लाटता लाटता उखाणा जुळवला:

डोंगराआडून आला चिनी, सीमा बसला धरून,
गणपतराव म्हणतात, आणू चपटं नाक चिरून.

गणपतरावांनी तो पुन्हा म्हणवून घेतला आणि कायद्यात बसतो, असा निकाल दिला.

हळदीकुंकवाला बेबीताईंनी शेजारच्या गुरखा दरवानाच्या सुनेलाही, चंद्रमायाला, "चलो चलो" करत ओढून नेलं. तिचा नवरा पलटणीबरोबर सीमेवर. घरात कुढत बसायची बिचारी. बायकांनी आग्रह केला, बेबीताईंनी पदर सावरला, पहिली ओळ खणखणीत म्हटली आणि समोर पाहिलं. चंद्रमाया कौतुकानं त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. इतक्या दिवसांच्या शेजारात तिचं बसकं नाक बेबीताईंना आज पहिल्यांदा दिसलं.

बायका थांबलेल्या. नाव तर घ्यायलाच हवं. आतल्या खोलीत भय्यासाहेबांचा पेपर सळसळला.

"गणपतराव रात्रपाळीला, येतील गोळे भरून."

सगळ्या हसल्या. शरयूवहिनी तेवढ्या अत्तरदाणी धरून जागच्या जागी उभ्या.

सकाळी गणपतराव घरी आले, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी बेबीताईंनीच सांगून टाकलं. ते रडकुंडीला आले.

"नाक चिरायची मुभा होती न तुले? काहून नाही चिरलं?"

"ती समोर बसली होती."

भय्यासाहेबांनी बोलावलंच. दार लावून पुष्कळ ओरडले. नोकरी वाचली, पण फोरमनला सांगून त्यांनी गणपतरावांना दिवसपाळीत टाकलं. बाईंचं बोलणं निदान अर्धं तरी खोटं ठरावं म्हणून.

आता गणपतराव रोज संध्याकाळी ओसरीत बसून बायकोच्या तोंडावर पहारा देऊ लागले. एकदा चंद्रमाया आली आणि लाजत म्हणाली, "दीदी, मुझे भी सिखाओ. उनका नाम लेना है." बेबीताई लगेच जुळवायला बसल्या.

"पलटणीचा नंबर घेऊ नका," ओसरीतून आवाज आला.

"नाव तरी चालते न?" बेबीताईंनी आतून विचारलं.

गणपतराव विचारात पडले.