म्हसावदच्या फलकावरची विश्वविजेती

शहाद्याच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा गुडघे सरळच होईनात. नंदुरबारपासून एसटीच्या दोन बाकांमध्ये ते कोंबून आणले होते. माझी उंची सहा फूट एक इंच. चार वर्षं मी युरोपच्या कडेच्या जॉर्जिया देशात एका छोट्या क्लबकडून बास्केटबॉल खेळते, तिथे या उंचीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. इथे रिक्षावाल्यापासून केळीवालीपर्यंत सगळ्यांच्या माना वर.

"उंची कितली शे?" (किती आहे?) हा पहिला प्रश्न. "पगार कितला शे?" हा दुसरा. "लगीन कव्हय?" (कधी?) हा तिसरा. घर येईपर्यंत उत्तरं देऊन माझा घसा सुकला.

अब्बा शिंपी आहेत. मशीनवरून न उठताच त्यांनी बातमी दिली, "म्हसावद में तेरा सत्कार है. मैंने हाँ बोल दिया."

सत्कार नेमका माझ्या निघायच्या दिवशी सकाळी. दुपारी नंदुरबारहून सुरतची गाडी, पुढे मुंबई, मग विमान. सराव शिबिराला उशिरा येणाऱ्या खेळाडूला आमचे प्रशिक्षक पहिले सामने बाकावर बसवतात. हे मी अब्बांना तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा "हो जाएगा" म्हटलं.

चार दिवसांनी सामानासकट शहाद्याजवळच्या म्हसावद गावी पोचलो. वाटेत केळी, कापूस, ऊस, सगळं हिरवंगार. पण माझं लक्ष घड्याळाकडे. गावात शिरताच फलक दिसला. माझा फोटो आणि खाली हातभर अक्षरांत 'विश्वविजेती शबाना'.

"हे काढा," मी सरपंचांना म्हटलं. "मी असलं काही जिंकलेलं नाही."

"ऱ्हाऊ दे ना ताई, आते छापाई ग्यं," (आता छापून झालं) ते हसत म्हणाले.

प्रमुख पाहुणे दहाला येणार होते. साडेअकरापर्यंत "येई ऱ्हायनात" (येत आहेत) एवढंच ऐकलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेच्या बास्केटबॉल संघातल्या मुली उन्हात रांगेने बसवलेल्या, आणि मंडपाची सावली रिकाम्या खुर्च्यांवर. बास्केटची रिंग इतकी खाली की उडी न मारता माझा हात पोचत होता. मी चिडले ते पाहून सरपंचांनी घरी जेवायला नेलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) समोर आली, आणि जेवण होईपर्यंत मला कुणाचाही राग आला नाही.

पाहुणे आले. त्यांनी मला भाषणात दोनदा अमेरिकेत नेलं आणि एकदा ऑलिंपिकमध्ये. मी उठून निघणार, इतक्यात आश्रमशाळेच्या बाईंनी मुलींना प्रश्न विचारायला सांगितलं. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. शाळेतलं मराठी ती एकेक शब्द जुळवून बोलत होती.

"ताई, तिथे तुम्ही हरता का?"

मंडपात हशा पिकला. "काय इचारी ऱ्हायनी!" (काय विचारतेय!) सरपंच ओरडले.

"हरतो," मी म्हटलं. माइकमुळे ते फारच मोठ्याने ऐकू गेलं. "गेल्या हंगामात आम्ही खालून दुसरे आलो. मी अर्धा सामना बाकावरच असते."

हशा थांबला. अब्बा पहिल्या रांगेत माझ्याकडे बघत राहिले.

"आम्ही पण हरतो," ती म्हणाली. "दर वेळी."

तिच्या बाईंनी तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. मी घड्याळ पाहिलं. त्याच क्षणी निघाले असते तर गाडी मिळाली असती. शाल खुर्चीवर टाकली, बूट चढवले आणि रिंग वर करायला लावली. मुली आधी मला पाहुणी समजून चेंडू माझ्याच हातात आणून देत होत्या. "मला देऊ नका, माझ्याकडून घ्या!" मी ओरडत होते. अर्ध्या तासाने त्या मुलीने कोपर मारून माझ्याकडून चेंडू हिसकावला. पंच झालेल्या बाईंनी शिट्टी फुंकली, मी टाळ्या वाजवल्या.

गाडी अर्थातच गेली. अंडी पोचवून नवापूरच्या पोल्ट्रीत परतणारा रिकामा टेम्पो मिळाला. तिथून हायवेने सुरतची बस मिळणार होती. पुढच्या बाकावर मी, अब्बा आणि कोंबड्यांचा वास.

"विश्वविजेती हे कुणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"मैंने बोला, बेटी हर बार जीतती है. बाकी उन्होंने बढ़ाया." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "फोन पे तूच बोलती थी ना? जीते, जीते. हारे तो फोन काहे को नहीं किया?"

चार वर्षं मी फक्त जिंकल्यावरच फोन लावला होता. दिवसभर मी सरपंचांवर, पाहुण्यांवर, फलकावर डाफरले, आणि त्या फलकाचा मजकूर माझ्याच तोंडचा निघाला.

शिबिराला एक दिवस उशिरा पोचले. शिक्षा ठरलेलीच होती. पहिला सामना आम्ही सतरा गुणांनी हरलो आणि मी मैदानात उतरलेच नाही. कपडे बदलायच्या आत अब्बांना फोन लावला, सगळं सांगितलं. पूर्वी "जीते" म्हटलं की दोन मिनिटांत बोलणं संपायचं. या वेळी पाऊण तास चाललं. आता दर पराभवानंतर ते मला बचाव कसा करावा हे समजावतात. आयुष्यात एकदाही चेंडू हातात न धरलेला हा माणूस मला फार वैताग आणतो, आणि मी त्यांना मध्येच थांबवत नाही.