गवराबाईंची बागेतली ड्यूटी

चालायलाही पैसे पडतात, ही गोष्ट गवराबाईंना पहिल्यांदा खरीच वाटली नाही. आकुर्डीला राहायला आल्यापासून चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांना समोरची पालिकेची बाग दिसायची. उजाडायच्या आत फाटकासमोर रांग. पांढरे बूट घातलेले पुरुष, कानात वायरी खुपसलेल्या बायका. एकेक जण खिडकीशी थांबे, काहीतरी देई, काहीतरी घेई आणि आत जाऊन गोल गोल फिरायला लागे.

"पूनम, आत देव हाय का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही हो आई, बाग आहे. तिकीट काढून लोक वॉकला जातात."

"आन् फिरून झाल्यावर?"

"मग घरी येतात."

सून आपली चेष्टा करतेय, अशी गवराबाईंची खात्री झाली. उभा जन्म त्या चालल्या होत्या. घरापासून मळ्यापर्यंत, मळ्यापासून चाकणच्या बाजारापर्यंत, डोक्यावर पाटी आणि काखेत पोर घेऊन. त्याचे कुणी पैसे मागितले नव्हते, आणि फुकट मिळालं म्हणून त्यांनी कधी जास्तीचं चालून घेतलं नव्हतं. त्या फाटकाच्या आत नक्की काहीतरी असणार, आणि शहरातली माणसं ते आपल्याला सांगत नसणार.

चाकणच्या पलीकडचं त्यांचं गाव आता निम्मं कंपन्यांत गेलेलं. त्यांची जमीनही गेली. आलेल्या पैशातून धाकट्या दिराने गावात चाळ बांधली, आणि मुलगा आदिनाथने आकुर्डीत फ्लॅट घेतला. आदिनाथ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. पूनम दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. नात सृष्टी कॉलेजात. सकाळी तिघंही गळ्यात आयकार्ड अडकवून बाहेर पडत, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात गवराबाई आणि फ्रीजचा आवाज.

त्या कार्डाचं गवराबाईंना भारी कुतूहल. घरातलं माणूस डबा विसरलं तर तसंच निघून जाई, पण कार्ड विसरलं की अर्ध्या वाटेतून धापा टाकत परत येई. एकदा आदिनाथ अंघोळीला गेला असताना त्यांनी त्याचं कार्ड हळूच गळ्यात घालून आरशात पाहिलं होतं. फोटो मुलाचा होता, तरी बरं वाटलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आपणही त्यांना चिडवायला नको.

शेवटी एक दिवस न राहवून त्या बागेच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीत तनुजा नावाची मुलगी बसायची. काळेवाडीची, कंत्राटावर लागलेली, हसऱ्या तोंडाची.

"पोरी, आत काय हाय?"

असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "झाडं आहेत, कारंजं आहे, ट्रॅक आहे," ती म्हणाली. "आजी, साठच्या पुढच्यांना फुकट आहे. आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो आणा, पास करून देते."

फोटो! गवराबाईंचे कान टवकारले.

पास मिळाला. त्यावर फोटो, नाव, पालिकेचा गोल शिक्का, वरून प्लास्टिक. त्यांनी आदिनाथच्या ड्रॉवरमधून त्याच्या जुन्या कार्डाची निळी पट्टी शोधून काढली, पास तिला अडकवला आणि गळ्यात घातला. दुसऱ्या दिवसापासून घरातून चौघं जण कार्ड घालून बाहेर पडू लागले. चौथं माणूस मात्र सगळे गेल्यावर निघे, त्यामुळे घरी कुणाला पत्ता नव्हता.

आत गेल्यावर काय दिसलं? झाडं, कारंजं, ट्रॅक. तनुजाने खोटं सांगितलं नव्हतं. पण गवराबाईंचं तेवढ्याने समाधान होणार होतं थोडंच! त्या बाकावर बसत आणि शेजारी टेकेल त्याला विचारत, "रोज येता व्हय? कशापायी?" कुणाला साखर होती, कुणाला डॉक्टरने दटावलं होतं. एक निवृत्त गृहस्थ इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले की घरी सुनेला अडचण होते. गवराबाईंनी मान हलवली. हे कारण त्यांना पटलं.

मग एक गंमत झाली. गळ्यात निळी पट्टी, पासावर शिक्का आणि चालण्यात कुणब्याच्या बाईचा ठसका. लोकांना वाटलं, ही बागेचीच बाई. "मावशी, पाणी कुठं मिळेल?" "मावशी, कारंजं कधी सुरू होतं?" पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या. दुसऱ्या दिवशी तनुजाला विचारून उत्तरं पाठ करून आल्या. पुढे पुढे तर न विचारताच सांगू लागल्या. फुलं तोडणाऱ्या एका बाईला त्यांनी असं काही झापलं की तिने तोडलेलं जास्वंद परत फांदीला लावून पाहिलं. आपण पालिकेच्या आहोत असं गवराबाईंनी कधी म्हटलं नाही. नाही आहोत, असंही म्हटलं नाही. खोटं बोलायचं नाही आणि चाललेलं मोडायचं नाही, असा हा सोयीचा मामला होता.

"आलात का ड्यूटीवर?" तनुजा थट्टेने विचारी.

"आले बाई," त्या म्हणत, आणि त्यांच्या बाजूने त्यात थट्टा नसे. गाव सुटल्यापासून सकाळी उठायला त्यांना पहिल्यांदाच कारण मिळालं होतं. हा पास गेला असता तर त्यांचा दिवसच गेला असता.

आणि इथेच घोटाळा झाला. कारंज्यामागे एक लांबच लांब वाफा होता. पुढच्या आठवड्यात फुलांचं प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी तिथे काम सुरू होतं. गवराबाई एका सकाळी तिकडे गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. वाफाभर गवत! कमरेपर्यंत आलेलं, हिरवंगार, पात्याशेजारी पातं. कुंदा. शेतात एकदा शिरला की पिकाला खाऊन टाकणारा, हात रक्ताळले तरी न निघणारा कुंदा. जवळ एक पाटी होती, पण ती इंग्रजीत होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं कानात वायरी घालून वाफ्याजवळून खुशाल चालली होती. एकालाही त्याची लाज वाटत नव्हती.

शेतकऱ्याच्या बाईला माजलेला वाफा दिसला की तिचे हात शिवशिवतात. बस निघून गेली तरी चालेल, पण तण उपटून मगच ती पुढे जाईल. दुसऱ्या दिवशी गवराबाई पिशवीत खुरपं घेऊन आल्या. गावाहून आणलेलं ते खुरपं माळ्यावर पडून होतं. पदर खोचला, उकिडवं बसल्या आणि एका कडेने खुरपणीची पात धरली. माळी बघून गेले. कंत्राटदार बदलला की नवी माणसं येतातच, ही त्यातलीच एक, प्रदर्शनासाठी वाफा बदलायला आलेली, असं त्यांना वाटलं. वॉचमनला वाटलं, ऑफिसने पाठवली. एका बाईने तर कौतुकाने फोटोही काढला. रोज थोडं थोडं करत गवराबाईंनी सगळा वाफा कसा आरशासारखा लख्ख केला. निघालेलं गवत त्यांनी कडेला रीतसर पसरलं, मुळं वर, पाती खाली. तसं नाही केलं तर मेलं दोन दिवसांत परत धरतं.

वाफा संपला त्या दिवशी त्या फार खुशीत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीशी आल्या तर तनुजाचा चेहरा रडवेला. "आजी, तुम्ही काय केलंत हो? उद्धवराव साहेब माझ्यावर खवळलेत. खुरपं घेऊन बाई आत सोडलीसच कशी, म्हणतात. उद्यापासून येऊ नको म्हणाले."

गवराबाई तडक उद्धवरावांच्या केबिनमध्ये गेल्या. उद्धवराव बागेचे सुपरवायझर. मनाने वाईट नव्हते, पण प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि वाफा बोडका.

"पोरीला बोलू नगा," गवराबाई दारातूनच म्हणाल्या. "तिला ठावंच न्हाई. समदं म्या उपटलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला उपटायला?"

"सांगाय कशाला पायजे? दिसत व्हतं की. कुंदा माजल्याला."

उद्धवरावांनी डोक्याला हात लावला. "आजी, तो कुंदा नव्हता. शोभेचं गवत होतं ते. नर्सरीतून विकत आणून लावलेलं."

"गवात?" गवराबाई म्हणाल्या. "इकत?"

उद्धवरावांनी नुसती मान डोलावली, तेव्हा गवराबाईंना कळलं की हा माणूस खरं बोलतोय.  लोक गवत का विकत घेतात, हा प्रश्न बाजूला राहिला. कुणीतरी खड्डे काढून, पाणी घालून लावलेलं होतं ते. दुसऱ्याच्या हातचं उभं पीक आपण उपटलं. तुमचं उभं पीक कुणी उपटो, असा शाप त्यांनी बांध कोरणाऱ्या भावकीलासुद्धा कधी दिला नव्हता. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "लई वंगाळ झालं माझ्या हातनं. परत लावून देते म्या समदं."

"त्यासाठीच माळी पाठवला होता," उद्धवराव म्हणाले. "एकही काडी जगणार नाही म्हणाला. सगळी मुळं वर करून वाळवलीत तुम्ही."

"मंग?" गवराबाईंच्या तोंडून गेलं. "न्हाईतर परत धरतंय." आणि त्या लगेच ओशाळल्या.

पासाच्या अर्जावर आदिनाथचा नंबर होता. उद्धवरावांनी फोन करून त्याला कंपनीतून बोलावून घेतलं. तो शिफ्ट अर्धी टाकून आला, गळ्यात कार्ड तसंच. सगळं ऐकून घेतलं, हात जोडले, नुकसानभरपाईची तयारी दाखवली. उद्धवराव म्हणाले, "भरपाईचं राहू द्या. कंत्राटदार दुसरं लावेल. त्या मुलीलाही मी ठेवून घेतो, आजींनी स्वतः येऊन सांगितलं म्हणून. पण पास मला रद्द करावा लागेल. पास आत येऊन फिरण्यासाठी असतो. यांनी तो घालून कारभार केला."

"साहेब, पाया पडते," गवराबाई म्हणाल्या. आदिनाथने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जमीन गेली त्या दिवशीही नाही. "खुरपं हितं ठेवून घ्या. कायमचं. पर पास तेवढा ऱ्हाऊ द्या."

उद्धवरावांनाही ते जड गेलंच. पण त्यांनी हात पुढे केला. गवराबाई पास काढायला गेल्या तर पट्टी अंबाड्यात अडकली, ती सोडवायला आदिनाथला उठावं लागलं. उद्धवरावांनी पास काढून कात्रीने त्याचा कोपरा कापला आणि पट्टी परत दिली. "ही तुमच्या कंपनीची दिसते. घेऊन जा. आणि आजी, तिकीट काढून कधीही या. बाग सगळ्यांची आहे."

आदिनाथ ती पट्टी हातात घेऊन बघत राहिला.

रस्ता ओलांडताना तो म्हणाला, "आई, किती दिवस चाललंय हे?"

"पास निघाल्यापास्नं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला येळ कुठं असतुय? सकाळी तुझी बस, सांजच्याला तुझा फोन."

लिफ्टमध्ये शिरल्यावर तो गावाकडच्या बोलीत आला. "घरी करमत न्हाई व्हय तुला?"

"करमतंय की. टीव्ही हाय, गॅस हाय, नळाला पानी हाय." त्यांनी पदर सारखा केला. "समदी कामाला जात्यात रं आदिनाथ. जल्मात कधी बिनकामाची बसले न्हाई म्या. आता नुस्ती बसून ऱ्हाते. माणूस असं बसून ऱ्हायलं की त्याला वाटाया लागतं, आपुन अजून कशापायी हाय."

 आदिनाथ त्या दिवशी कंपनीत परत गेला नाही. जेवताना आईकडे बघत होता आणि भाजीत मीठ नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे काही दिवस गवराबाई गॅलरीत गेल्या नाहीत. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. आदिनाथ एरवी त्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपणारा, पण तो अंधारातच उठून बूट घालून उभा. "चल आई. मला बाग दाखव."

"माझा पास न्हाई."

"तिकीट हाय."

तनुजाने दोन तिकिटं दिली, आणि आजींना पाहून तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. गवराबाईंनी तिकीट मुठीत धरलं. आत गेल्यावर एकाने विचारलं, "मावशी, कारंजं कधी सुरू होणार?" त्या म्हणाल्या, "मला ठावं न्हाई, तिथं हापिसात इचारा."

आदिनाथला तो वाफा बघायचाच होता. नवं गवत लावून झालं होतं. कोवळं होतं, ओळीने उभं होतं, आणि मातीला नुकतंच पाणी दिलेलं. दोघं मायलेक कडेला उभे राहिले. आदिनाथ वाकून निरखून बघायला लागला. कंपनीत कितीही वर्षं काढली तरी त्याचं बालपण खुरपणीच्या पातीवरच गेलेलं. दोन रोपांच्या मधोमध हरळीचा एक कोंब वर आला होता. खरी हरळी, त्यात काही शंका नव्हती. त्याचा हात आपसूक पुढे गेला.

गवराबाईंनी चटकन त्याचं मनगट धरलं.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

"अगं, हरळी हाय ही."

"दिसतीया मला. पर तिकीट काढून आल्याली माणसं आपुन. पाव्हण्यानं कामाला हात लावू नये." आणि त्यांनी आपलेही दोन्ही हात पदराखाली घेतले.