साजाझिरीचा हातपंप बघायला आईबरोबर

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. दवाखान्यातून सदर भागातल्या घरी परतताना ऑटोतच ती म्हणाली, "रेखा, त्याच्या आधी मला साजाझिरीला घेऊन चल. मग तुझे डॉक्टर काय कापायचं ते कापू दे."

साजाझिरी ही कान्हाच्या बफर जंगलातली वनरक्षकांची एक चौकी. आई जंगलखात्याच्या एका ऑफिसात तीस वर्षं टायपिस्ट होती. या चौकीवर पाणी नाही, हातपंप हवा, असा अर्ज आला होता आणि तो वर पाठवायचं पत्र आईने टाइप केलं. उत्तर आलं नाही. मग स्मरणपत्र, आमच्याकडच्या सरकारी हिंदीत 'अनुस्मारक'. असे अकरा अनुस्मारक टाइप करून आई रिटायर झाली. पंप बसला की नाही हे तिला कधीच कळलं नाही. घरचा नळ गेला की ती हमखास म्हणायची, "साजाझिरीवाले काय करत असतील?" लहानपणी मला वाटायचं, तिथे आमचे कुणी नातेवाईक राहतात.

एक कबुली देते. कॉलेजात असताना मी एकदा भांडणाच्या भरात तिला म्हटलं होतं, "तू करतेस काय गं तिथे? लोकांनी सांगितलेलं टाइपच ना?" ती पोळ्या लाटत राहिली. ते वाक्य मला अजून टोचतं. त्यामुळे साजाझिरीला मी लगेच हो म्हटलं.

चौकीपर्यंत गाडी जात नाही. गेटपासून चार किलोमीटर पायवाट आहे, गाइड घ्यावाच लागतो, आत सोडतात फक्त सकाळी, आणि अकराच्या आत परत गेटवर यायचं. ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा, मोबाइलमधला फोटो आमच्या वेळी चालला नाही. मार्चमध्ये गेलात तर सकाळी शाल लागते आणि दहा वाजता तीच शाल ओझं होते.

गाडीची जबाबदारी पिंटूने घेतली. पिंटू माझा मामेभाऊ, गोहलपुरात त्याचं गॅरेज आहे. "ताई, गाडी अपनी ही है, टेन्शन काहून घेऊन राहिली?" पहाटे पाचला येणार होता. सहाला त्याचा फोन बंद. सातला तो स्वतः आला, स्कूटरवर, हाताला ग्रीस, चेहरा पडलेला. गाडीचं इंजिन रात्री उतरवलं होतं, ते परत चढलंच नव्हतं. हातात मात्र खोव्याच्या जिलेबीचा पुडा होता. आई ऑफिसच्या शिस्तीत वाढलेली, पाचपासून बूट घालून खुर्चीत बसलेली. तिने पुडा घेतला आणि म्हणाली, "चलो, बसस्टँडवर सोड."

मंडल्याची बस मिळाली. बरगीच्या पुढे टायर बसला. स्टेपनी होती, पण तीही बसलेली निघाली. कंडक्टरने आम्हाला मागून येणाऱ्या जीपमध्ये कोंबलं, तिच्यात आधीच नऊ माणसं आणि टोमॅटोचे क्रेट होते. मंडल्याला होमस्टेची गाडी घ्यायला येणार होती, ती अर्धा तास थांबून निघून गेली होती. मी फोनवर आवाज चढवला. आई मात्र शेजारच्या बाईशी टोमॅटोच्या भावावर गप्पा मारत होती. "तू काहून चिडून राहिली? पंप काय पळून चालला?"

पंप पळणार नव्हता, पण आमची वेळ पळत होती. एकाच सकाळची परवानगी होती, पुढचा स्लॉट दहा दिवसांनी. ऑपरेशन तर आता आठवड्यावर आलं होतं.

दुसरी गाडी ठरवून संध्याकाळी गेटजवळच्या गावात पोचलो, तेव्हा कळलं की आमचा गाइड मेहुण्याच्या लग्नाला गेलाय. मला रडूच आलं. होमस्टेच्या मालकिणीने कोदोचा भात आणि भाजलेल्या टोमॅटोची चटणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खा लो दीदी, मैं देखती हूं." (कोदो जरूर खा. पोटाला हलका आणि चवीला आपल्या वरईच्या थोडा पुढे.) तिने आपल्या नणंदेला, सुनीताला, निरोप पाठवला. सुनीताकडे गाइडचं कार्ड होतं आणि तिला लग्नांचा कंटाळा होता.

सकाळी सहाला आम्ही तिघी आत शिरलो. सालाची झाडं फुलली होती. वाटेवर मोहाची फुलं पडलेली, आणि त्यांच्या गोडसर वासाने आईला शिंका. "मोह असला की भालू येतो," सुनीता म्हणाली, "बोलत चला." बोलायला सांगितल्यावर आईला काय हवं? तिने प्रत्येक नाल्याचं नाव आधीच सांगायला सुरुवात केली. पुढे दोन नाले एकत्र येतात, डावीकडे जुना पाट आहे, सगळं बरोबर. सुनीताने विचारलं, "अम्मा, आप पहले आई हो?"

"नाही बाई. हा रस्ता मी टाइप केलाय."

तीन किलोमीटर झाल्यावर चढ लागला आणि आईचा गुडघा अडला. ती दगडावर बसली, ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, आई, परत फिरू. सुनीताने घड्याळ पाहिलं, आठ वाजून गेले होते. आईने काठी माझ्या हातात दिली, माझा खांदा धरला आणि उठली. "अकरा वेळा लिहिलं मी. एकदा बघू तरी दे." त्या शेवटच्या एका किलोमीटरला आम्हाला तासभर लागला. मी मनात फक्त एवढंच म्हणत होते की पंप असू दे.

चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. आणि अंगणात दोन हातपंप, एकमेकांपासून वीस पावलांवर.

आई बघतच राहिली. वनरक्षक बाहेर आला, पन्नाशीचा, लुंगीवर वर्दीचा शर्ट. सुनीताने ओळख करून दिली. आईने नमस्कारही केला नाही, थेट विचारलं, "ये दो काहे को?"

तो हसला. "अम्मा, पहला तो जल्दी लग गया था. दो साल में सूख गया. मगर ऊपर चिट्ठी आती रही कि पंप नहीं है, पंप नहीं है. तो एक दिन बड़ी मशीन आई, गहरा खोदा, दूसरा लगा गई. हम चुप रहे. यही चलता है, मई में भी."

आईने त्याला वर्षं विचारून हिशेब लावला: चौथ्या स्मरणपत्रानंतरच पहिला पंप बसला होता. कुणी ऑफिसला कळवलं नाही, म्हणून आईची पुढची सात स्मरणपत्रं जातच राहिली. ती सात पत्रं नसती तर हा माणूस मे महिन्यात नाल्यातलं पाणी गाळून पीत असता.

"वो चिट्ठी हमारी अम्मा ने लिखी थी," मी म्हटलं.

त्याने आईकडे पाहिलं, आत गेला, स्टीलचा ग्लास घासून आणला आणि स्वतः दांडा मारला. आई उभ्यानेच प्यायली, मग दुसरा ग्लास मागितला. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, बाप्पा, तीस वर्षं नुसते कागद काळे केले," ती मराठीतच त्याला म्हणाली. त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली.

परतीला त्याने आईला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि गेटपर्यंत ढकलत आणलं. अकराला पाच कमी होते. गेटबाहेर पिंटू गाडी घेऊन उभा, इंजिन चढवलेलं, फक्त एक दिवस उशीर. आईने त्याला रागवण्याऐवजी कालच्याच जिलेबीतली शेवटची दिली.

ऑपरेशन नीट झालं. ती वॉकर घेऊन सदरच्या घरात फिरते आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीला साजाझिरी ऐकवते. जायचं असेल तर गाडीचे दोन पर्याय ठेवा, गाइडला आदल्या दिवशी फोन करा, आणि गुडघे धड असतानाच जा. माझ्यापुरतं म्हणाल तर, कॉलेजातल्या त्या वाक्याची माफी मी काल मागितली. आईला ते आठवतही नव्हतं, किंवा तसं ती म्हणाली.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, मध्ये दोनदा तारखा सुधारल्या, त्या मी काढून टाकल्या. शेवटी म्हणाली, "सगळं लिहिलंस. रस्ता लिहिला, भात लिहिला. पाण्याचं कुठे आहे?"

"काय लिहू?"

"लिही, पाणी गोड आहे."

पाणी गोड आहे.