संगीताताईंनी सेव्ह केलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. यातच माझा स्वभाव कळला असेल.

जालन्यात आमचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या कंपन्यांचे सर्व्हर आम्ही इथूनच सांभाळतो. तिकडे सर्व्हरचा खोका एकच असतो. त्याच्या पोटात चार-पाच वेगळी मशीन चालतात, नुसती आभासी. बसल्या जागी ती बंद-चालू करायची, बिघडली तर आधी साठवून ठेवलेल्या जुन्या स्थितीत परत न्यायची. पद्धत एकच — हात लावण्याआधी तिथल्या माणसाला फोन करायचा. मला त्या फोनचा कंटाळा. इतकी वर्षं हेच करतोय, मी काय विचारायचं कुणाला?

वाटूरला एका बियाणे कंपनीची तपासणीची खोली आहे. तिथं संगीताताई ट्रेमधले उगवलेले कोंब मोजायच्या आणि कॉम्प्युटरवर भरायच्या. निंदणी-खुरपणी सोडून, सगळं नव्यानं शिकून त्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्याचा त्यांना केवढा अभिमान! नोंद झाली की ट्रे रिकामे करायचे, म्हणजे पुन्हा मोजायची सोय नाही.

त्या दुपारी बिघडलं होतं त्याच कंपनीचं परतूरचं मशीन. स्क्रीनवर दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या, दिसायला सारख्या. फोन केला नाही. आणि — वाटूरचं मशीन आठवडाभर मागं नेलं; त्या आठवड्याच्या नोंदी पुसल्या गेल्या.

चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. तेवढ्यात ताईंचाच फोन.

“सर, माझ्या नोंदी दिसून न्हाई राह्यल्या. मी तर बराबर भरल्या होत्या.”

खरं सांगता आलं नसतं का? माझं काय गेलं असतं? साहेबांची बोलणी बसली असती, बस. पण तोंडून निघालं, “ताई, तुम्ही सेव्ह केलं नसेल.”

त्या म्हणाल्या, “मंग तसंच असंल, सर.”

तेच मी त्यांच्या मॅनेजरलाही सांगितलं — शांतपणे, जाणकारासारखं. त्यानं ताईंना कॉम्प्युटरवरून उठवलं आणि गोदामात बियाणं निवडायला बसवलं, रोजंदारीवर.

पुढे सर्व्हरची बॅटरी बदलायला मी वाटूरला गेलो. त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी होती. ताईच माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि माझ्यादेखत तिला म्हणाल्या, “दोनदा सेव्ह करत जा, बाई. माझ्यासारखं नको होऊ देऊ. सरांना विचार.”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली — हो, म्हणून. खोटं बोललो, त्यापेक्षा त्या मान हलवण्याची मला जास्त लाज वाटते.

आता मी फोन केल्याशिवाय कुठल्याच मशीनला हात लावत नाही. ताई अजून गोदामातच आहेत. त्यांचा नंबर माझ्याकडं आहे.